चिकटलेला राणीछाप

पाडव्याच्या सकाळी सव्वाआठ वाजता रुचिताने जावेच्या देवघरातल्या तबकात सात रुपये पाहिले आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग त्यांतला एक उचलून तिने तो दोन बोटांच्या चिमटीत हलकेच पिळून पाहिला. रुपया सरकला नाही.

रुपया तिचा होता. आदल्या दिवशी दुपारपासून ती तो शोधत होती. डोंबिवलीहून खोपटला थोरल्या दिरांकडे दिवाळीला आली तेव्हा तो पर्सच्या आतल्या कप्प्यात होता. दुपारी सगळे जरा आडवे झाल्यावर तिने शिलाई मशीनपाशी बसून सराव केला, तेवढ्यात चहाला हाक आली आणि रुपया मशीनच्या झाकणावर राहून गेला. परत आली तोवर झाकण रिकामं. संध्याकाळी लक्ष्मीपूजनाच्या वेळी ती स्वयंपाकघरात फराळाची ताटं भरत होती, त्यामुळे तबकात काय काय मांडलंय हे तिने पाहिलंच नव्हतं.

दिसायला तो व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया होता. घरोघरी लक्ष्मीपूजनाला काढतात तसा राणीछाप. प्रत्यक्षात ते दोन तुकडे होते. बाहेरून राणीच्या चेहऱ्याचं पातळ, पोकळ टरफल आणि त्याच्या आत अचूक बसणारा, कडेने किंचित तासलेला दुसरा रुपया. बंद असला की एक रुपया, टरफल सरकवलं की दोन. टरफल आणि आतला रुपया यांच्यात दोन शतांश मिलिमीटरची फट होती. हे तिने स्वतः मोजलं होतं. वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत कारखान्यांची मापं तपासण्याचं काम ती बावीस वर्षं करत होती. हा रुपया ज्यांनी घडवला ते महिपतराव तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करून निवृत्त झाले होते आणि आता शहाडला राहत होते. चाळीस वर्षं त्यांनी लग्नामुंजीत जादूचे खेळ केले होते. गेली तीन वर्षं दर रविवारी रुचिता त्यांच्याकडे शिकायला जात होती, आणि आज साडेअकरा वाजता, याच इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या पाडव्याच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा लोकांसमोर खेळ करणार होती. सहा मिनिटं. एका रुपयाचे दोन, दोहोंचा पुन्हा एक.

"दिसला ना तुलाही?" मागून भावना म्हणाली. भावना तिची थोरली जाऊ. नवी पैठणी, हातात निरांजन. "काल मशीनवर बघितला आणि माझा विश्वासच बसेना. म्हटलं, आईंचा सातवा!"

रुचिता वळली. "वहिनी, हा माझा आहे. मी काल तिथे विसरले."

"तुझा?" भावनाने निरांजन खाली ठेवलं. "तुझ्याकडे कुठून आला राणीछाप?"

सासूबाईंच्या डब्यात सात राणीछाप रुपये असत. त्या गेल्यावर डबा उघडला तेव्हा सहाच निघाले. याला अकरा वर्षं झाली. रुचिताला कुणी काही म्हटलं नव्हतं. फक्त त्यानंतर दर लक्ष्मीपूजनाला कपाटातून डबा काढायची वेळ आली की, "रुचिता, तू जरा रांगोळीचं बघतेस?" असं कुणीतरी म्हणे. पहिल्या वर्षी तिने खरंच रांगोळीचं पाहिलं. दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं.

"आजच्या खेळासाठी आणलाय," ती म्हणाली.

"खेळासाठी चांदीचा रुपया? लोक प्लास्टिकचे वापरतात, गं. खरा आहे की खोटा, तेवढं सांग मला."

रुचिता बोलायला गेली आणि थांबली. खरा म्हणावं, तर तो सासूबाईंचा ठरत होता. खोटा म्हणावं, तर पुढच्याच क्षणी भावना म्हणणार होती, बघू कसा खोटा. मग टरफलाची गोष्ट न्याहारीच्या टेबलावर जाणार, तिथून साडेअकराच्या आत हॉलच्या पहिल्या रांगेत. तीन वर्षांचे रविवार एका वाक्यात संपणार होते.

"बघ, बोलत नाहीये," भावना म्हणाली. हे रुचिताला उद्देशून नव्हतं. दारात भावनाचा नवरा संदेश उभा होता, अभ्यंगस्नानानंतरचा, टॉवेलने कान कोरडे करत.

"जाऊ दे ना, भावना," तो म्हणाला. "मिळाला ना? अकरा वर्षांनी का होईना, लक्ष्मी आपल्या पायांनी घरी आली. आता कुणी कुणाला काही विचारायचं नाही. विषय संपला."

रुचिताच्या कानशिलांत रक्त चढलं. भावनाने संशय घेतला होता, आणि या माणसाने तर क्षमासुद्धा करून टाकली होती! न केलेल्या चोरीबद्दल, चहा प्यायच्या आधी, टॉवेल गुंडाळून.

"भाऊजी, मी काही घेतलेलं नाही."

"अगं मी कुठे म्हणतोय तसं? एखादी वस्तू चुकून राहते एखाद्याकडे. आपल्याच घरातलं आहे."

तिने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. सर्वेश सोफ्यावर चकली खात होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. "सणाचा दिवस आहे, रुचिता," तो हळूच म्हणाला. "डोंबिवलीला गेल्यावर बोलू."

"डोंबिवलीत हे कुणी म्हटलेलं नाही," ती म्हणाली. रागावली की तिचा आवाज चढत नसे, उलट आणखी खाली जाई. त्यामुळे ती रागावली आहे हे या घरात कुणालाच कधी कळलं नव्हतं.

तिने रुपया मुठीत धरला. "यावरचं कुंकू धुते. खेळाला लागेल."

"आज लक्ष्मी बाहेर काढत नाहीत," भावना म्हणाली.

"खालच्या हॉलमध्ये तर न्यायचाय."

"हॉल म्हणजे बाहेरच." मग जरा विचार करून, "धुवायचा तर इथेच धू. ओट्यावर. माझ्या डोळ्यांसमोर."

डोळ्यांसमोर! रुचिताने मान हलवली. तबकापासून ती बाजूला झाली तेव्हा तिच्या उजव्या हातात एक रुपया होता आणि डाव्यातही एक होता. ओट्यावरच्या वाटीत कोमट पाणी घालून तिने उजव्या हातातला रुपया सगळ्यांना दिसेल असा वाटीत सोडला. भावना पोहे परतता परतता दर मिनिटाला त्याच्याकडे बघत होती. तो सासूबाईंच्या सहांपैकी एक होता. हे करताना रुचिताला जराही अपराधी वाटलं नाही. तीन वर्षांत शिकलेली पहिली गोष्ट, बघणाऱ्याच्या नकळत नाणं बदलणं, जावेच्या पहाऱ्यावर वापरावी लागली, याचाच तिला संताप आला.

न्हाणीघरात जाऊन तिने आधी स्वतःचा रुपया दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवला. पाणी गुलाबी झालं. रुपया तसाच. मग तिने महिपतरावांना फोन लावला.

"सर, टरफल अडकलंय."

"पडलं का कुठे? कड दबली?"

"नाही. पूजेत गेला होता."

"पूजेत? कडं आणलंयस ना? घाल त्यात आणि आपट. एकदाच, सपाट. चाकू-बिकू लावशील तर याद राख. तो माझा तीन महिन्यांचा जीव आहे."

कडं म्हणजे बांगडीच्या आकाराची छोटी पितळी चकती. मधे भोक, भोकाच्या काठावर टरफलाची कड टेकेल एवढी खाच. रुपया त्यात पालथा ठेवून सपाट जागी आपटला की टरफल वर धरलं जातं आणि आतलं नाणं भोकातून खाली पडतं. रुचिताने अंघोळीचा पाट उलटा केला आणि आपटलं. काही पडलं नाही. पुन्हा आपटलं.

"काय ठोकतेस गं सणासुदीचं?" बाहेरून भावना ओरडली.

"पाट हलतोय, वहिनी."

"कुणाला सांगितलंस का?" फोनवर महिपतरावांनी विचारलं.

"नाही."

"मग बोंबलू देत त्यांना."

"सर, ते म्हणतायत की मी तो चोरला."

"आणि तुला दाखवता येत नाहीये," महिपतराव म्हणाले. "हा धंदाच असला घाणेरडा. बघ, कार्यक्रम सोड हवं तर. दाखव त्यांना. मी काही म्हणणार नाही."

ते असं म्हणतील हे तिला अपेक्षित नव्हतं, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली. कार्यक्रम तिने का सोडायचा? तिने फोन ठेवला आणि पर्समधलं भिंग काढलं. कामाची सवय होती ती. एखादं माप जुळेनासं झालं की ती त्याच्यावर जोर लावत नसे, आधी नीट पाहत असे.

कडेच्या फटीत गुलाबी रेघ होती, सलग, रुपयाच्या चारी बाजूंनी. सुईच्या टोकाने तिने एक कण काढला. साखर असती तर कोमट पाण्यात गेली असती. तूप असतं तर मऊ असतं. हा कण नखासारखा होता, कडक आणि चिवट. तिने तो नाकाशी धरला. आंबूस, दुधाचा वास.

ती स्वयंपाकघरात आली. "वहिनी, काल रुपये दुधाने धुतलेत?"

"मग? काळे पडले होते. चांगले अर्धा तास कच्च्या दुधात ठेवले."

"आणि कुंकू कुठलं?"

"घरचं!" भावनाच्या आवाजात अभिमान होता. "रत्नागिरीहून मावशी पाठवते. हळद आणि चुना, बाकी काही नाही. ते केमिकलवालं माझ्या देवघरात येत नाही. का? काय झालं?"

"काही नाही," रुचिता म्हणाली.

सगळं कळलं होतं. अर्धा तास दूध त्या बारीक फटीतून आपोआप आत ओढलं गेलं. त्यावर ओलं असतानाच कुंकू, कुंकवात चुना. दुधातल्या प्रथिनाला चुना भेटला की त्याचा सरस होतो, पूर्वी लाकूड जोडायला वापरत तसला, पाण्याने न सुटणारा. रात्रभर तो वाळला होता. बाजारातलं स्वस्त कुंकू असतं तर एवढ्यात टरफल सुटलं असतं. अस्सल कुंकवाने घात केला होता.

पाण्याने न सुटणाऱ्या सरसातला चुना काढून घेतला, तर तो पाण्यात विरघळेल. त्यासाठी धुण्याचा सोडा हवा. भावनाकडे कपड्यांसाठी बाटलीतलं पातळ साबण होता आणि आजूबाजूची दुकानं पाडव्याला बंद. डब्यांच्या रांगेत खाण्याचा सोडा मात्र होता. रुचिताने तवा गॅसवर ठेवला आणि त्यावर चार चमचे सोडा पसरला. पावणेदहा वाजले होते.

"हे काय?" भावना म्हणाली. "सोडा भाजतेस?"

"भाजला की त्याचा धुण्याचा सोडा होतो."

"कोण म्हणतं?"

"मी," रुचिता म्हणाली.

भावनाने तिच्याकडे नीट पाहिलं. एवढं तुटक उत्तर तिला या धाकट्या जावेकडून कधी मिळालं नव्हतं. "बाई गं, चांदी काळी पडली म्हणजे? आईंची आठवण आहे ती."

"चांदीला काही होत नाही."

सोडा तव्यावर हलकासा उसळत राहिला आणि मग शांत झाला. तेवढ्यात संदेश आत आला, वाटीतला रुपया उचलला, डोळ्यांजवळ धरला. "हाच तो. मी लहानपणापासून ओळखतो. आईच्या सातव्या रुपयावर राणीच्या नाकाला बारीकसा खड्डा होता. हा बघ!" त्याने खिडकीकडे तोंड करून तो सर्वेशला दाखवला. सर्वेशनेही मान डोलावली. रुचिता उलथन्याने सोडा हलवत राहिली. तो रुपया त्या घरातून अकरा वर्षांत एक दिवसही बाहेर गेला नव्हता, दर दिवाळीला याच माणसाने त्याला कुंकू लावलं होतं, आणि आता त्याच्या नाकावर त्याला तिची चोरी सापडली होती.

भाजलेला सोडा तिने मगभर उकळत्या पाण्यात घातला आणि तो मग हातात घेऊन ती मागच्या गॅलरीत, कपड्यांच्या मशीनपाशी गेली. साडीच्या घोळात धरलेला खरा वादाचा रुपया तिने मगात सोडला. पाच मिनिटांनी पाणी पिवळसर लाल झालं. दहा मिनिटांनी कडेपासून पांढुरकं काहीतरी धाग्यासारखं सुटू लागलं. तिने पाणी बदललं, आणखी सोडा घातला. पंधरा मिनिटं. हॉलमधून माइक तपासल्याचा आवाज येत होता, कुणीतरी पुन्हा पुन्हा एक-दोन-तीन म्हणत होतं. वीस मिनिटांनी तिने रुपया चिमट्याने काढला, फडक्यावर ठेवला, कड्यात पालथा बसवला आणि मशीनच्या झाकणावर एकदाच, सपाट, आपटला.

आतला रुपया खाली पडला आणि गोल फिरत मशीनच्या कडेला जाऊन टेकला. रुचिताने श्वास सोडला आणि वर पाहिलं. गॅलरीच्या दारात भावना उभी होती.

किती वेळ, ते कळायला मार्ग नव्हता. भावना पुढे आली. कड्यातलं टरफल तिने बोटाने उचललं, उलटं केलं, आतली पोकळी पाहिली. पापडासारखं हलकं होतं ते.

"म्हणजे खोटा," ती म्हणाली.

"हो."

"मी काल खोट्या रुपयाची पूजा केली?" तिचा चेहरा लाल झाला. "लक्ष्मीच्या तबकात? सगळ्यांच्या पुढ्यात आरती केली मी याची! आणि तू सकाळपासून गप्प? तोंड उघडायला काय झालं होतं?"

"उघडलं असतं तर खेळ संपला असता. तुम्ही मला न विचारता घेतलात, वहिनी. दुसऱ्याची वस्तू शिलाई मशीनवरून उचललीत आणि सकाळी मला चोर ठरवलंत."

"मी कधी तुला चोर म्हटलं? कधी म्हटलं, सांग!"

"नाही म्हटलंत. म्हटलं असतंत तर उत्तर देता आलं असतं. रांगोळीचं बघ, याला काय उत्तर देणार?"

भावनाने दोरीवरचा टॉवेल उगाच सारखा केला. खाली माइकवर कुणीतरी शुभेच्छा देत होतं.

"तो सातवा... आईंनी स्वतःच कुणाला दिला असेल," ती म्हणाली. "असं मला पुष्कळदा वाटलंय."

"मग हे कुणाला सांगितलंत?"

रुचिताने टरफल तिच्या हातातून घेतलं, सुती फडक्याने आतून पुसलं, त्यात रुपया बसवला आणि चिमटीत पिळला. तो अलगद सरकला. तिने तो पुन्हा बंद केला.

"खाली सगळ्यांसमोर तुम्ही सांगायचं," ती म्हणाली, "की हा रुपया आईंचा नाही. माझा आहे आणि तुम्ही न विचारता घेतला."

"आणि कशावरून म्हणून विचारतील तेव्हा?"

"ते सांगायचं नाही."

"वा गं!" भावनाने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे कारण न देता मी चूक कबूल करायची? या घरात? ह्यांच्या तोंडासमोर? माझी शोभा करायची आहे का तुला?"

"माझी अकरा वर्षं होतेच आहे." रुचिता हातातला मग धुवायला लागली. "आणि ओट्यावरच्या वाटीत आईंचाच रुपया आहे, सहांतला. उचलून तबकात ठेवा. भाऊजी कुठेतरी घेऊन जातील, नाकाचा खड्डा दाखवत."

भावना वळून ओट्याकडे बघत राहिली. "ओट्यावरचा? पण तो तर मी सकाळपासून... कधी बदललास?"

"तुम्ही बघत होतात तेव्हा."

भावनाचं तोंड उघडं राहिलं. मग ती पदर खोचून आत गेली.

हॉलमध्ये दीडेकशे माणसं होती. पहिल्या रांगेत संदेश, सर्वेश आणि मधे भावना, ओठ घट्ट मिटून. ती काय करणार हे रुचिताला ठाऊक नव्हतं. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती पुढे गेली, टेबलावर काळं कापड पसरलं आणि रुपया दोन बोटांत वर धरला.

"हा एक रुपया आहे," ती म्हणाली. महिपतरावांनी शिकवलेलं पुढचं वाक्य होतं, 'कुणी येऊन तो नीट बघेल का?' पण तिने ते म्हटलं नाही. "आणि तो माझा आहे," ती म्हणाली, आणि थांबली.

संदेश सर्वेशच्या कानाशी वाकला आणि काहीतरी कुजबुजून हसला. तेव्हा भावना उठून उभी राहिली. एवढ्या गर्दीत उभं राहिल्यावर काय करायचं ते तिला क्षणभर सुचेना, तिने पदर सारखा केला.

"तिचाच आहे," ती मोठ्याने म्हणाली. "आमच्या आईंचा नाही. मीच काल तिला न विचारता घेतला आणि पूजेत ठेवला. माझी चूक झाली."

हॉलमधल्या लोकांना हा खेळाचाच भाग वाटला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. संदेश तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, काय बोलतेस? कशावरून?"

भावना खाली बसली. रुचिताने मूठ मिटली, उघडली. तळहातावर दोन रुपये होते. मागच्या रांगांतून पोरांचा ओरडा झाला.

"घ्या!" संदेश मोठ्याने हसत म्हणाला. "निघाला बघा आईचा बाहेर!"

आसपासची चारदोन माणसं हसली. सर्वेश मात्र हसला नाही.

"गप्प बसा हो तुम्ही," भावना म्हणाली. "सांगितलं ना एकदा."

"पण कशावरून, तेवढं सांग की—"

"मी सांगते म्हणून!"

रुचिता त्यांचं संपेपर्यंत थांबली. तिच्याकडे अजून चार मिनिटं होती. अंगभर राग होता, पण हात स्थिर होते, आणि दोन्ही रुपये तळहातावर शेजारी शेजारी, एका मापाचे दिसत होते. पहिली रांग शांत झाल्यावर तिने मूठ मिटली.